उबदार खर्जाची खरेदी

डोळ्यांना पापण्या देऊन कान मात्र उघडे ठेवणे ही सृष्टीच्या कारभारातील एक गंभीर प्रशासकीय त्रुटी आहे. नको ते पाहणे माणसाला टाळता येते. नको ते ऐकणे शेजार असेपर्यंत टाळता येत नाही. (शेजार नसला तर माणूस स्वतःच रेडिओ लावतो.) ही त्रुटी दूर करण्यासाठी हेडफोन निर्माण झाले. त्यांची निवड कशी करावी याचा आदर्श आमच्या घरात घडला, आणि तो लोकांपुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

माझ्या बहिणीचा, निल्दाचा, नवरा एबेर बार्बोसा हा आमच्या मोन्तेविदेओ शहरातल्या एका सरकारी कचेरीच्या खरेदी विभागातून निवृत्त झाला. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत त्या कचेरीत एकही चुकीची खुर्ची आली नाही. (बरोबर खुर्चीही आली नाही. लोक उभ्याने काम करीत. त्यामुळे तिथे गुडघेदुखी असली तरी भ्रष्टाचार नव्हता.) निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्याच्याविषयी चार शब्द काढले. उभ्यानेच.

एबेर आणि निल्दाची एकुलती एक लेक हिमेना. ती मेक्सिकोत असते आणि डबल बेस वाजवते. हे वाद्य म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड, माणसाहून उंच, आणि आवाज असा की कानाआधी पोटाला ऐकू यावा. आमच्या दोन्ही घराण्यांत तोवर कुणी शिट्टीसुद्धा वाजवली नव्हती. पण एबेरने ते धूड पाठीवर घेऊन पोरीला वर्षानुवर्षं शिकवणीला नेलं. बसमध्ये कंडक्टर कुरकुरला, तर त्या वाद्याचं वेगळं तिकीट काढून तो स्वतः उभा राहायचा. उभं राहण्याची त्याला सवयच होती.

त्या मार्च महिन्यात हिमेनाने दोन मैत्रिणींबरोबर रेकॉर्ड काढली. एक पियानोवर, एक तालवाद्यांवर आणि बेसवर आपली पोर. बापाच्या फोनवर तिने ती पाठवली आणि खाली निरोप लिहिला: "बाबा, ऐक आणि सांग. आईला माझं काहीही आवडतं. मामा खोटं बोलतो. तू सांग."

(मामा म्हणजे मी. आरोप निराधार नाही.)

एबेरने चष्मा काढून पुसला. तो तसा कोरडाच होता.

"दार्दो," तो मला म्हणाला, "ही काय फोनवर ऐकायची गोष्ट आहे? फोनमध्ये बेस नसतोच मुळी. पियानोवाली ऐकू येईल, ढोलकीवाली ऐकू येईल आणि आपली पोर तेवढी गैरहजर. तसं ऐकून मी तिला काय सांगू?"

तर्क बिनतोड होता. ज्याची माया खरी, तो नीटच ऐकणार. आणि ज्याला नीट ऐकायचं आहे, त्याने तूर्त अजिबात ऐकता कामा नये.

त्याच दिवशी खरेदीच्या अटी ठरल्या. एक, आराम: चष्मा आणि टोपी दोन्ही घालून माणूस दुपारभर बसला तरी कुठे टोचू नये. दोन, ऐसपैसपणा: पियानो डावीकडे खिडकीपाशी, ताल उजवीकडे दाराशी आणि हिमेना मधोमध, जरा मागे, म्हणजे साधारण आमच्या फ्रिजच्या जागी बसल्यासारखी ऐकू यावी. तीन, उबदार खर्ज, म्हणजेच बेस. या तिसऱ्या अटीवर पुढचे महिने गेले.

निल्दा खरेदी विभागात नव्हती. दुसऱ्याच दिवशी, दर महिन्याच्या एकोणतीस तारखेच्या आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे बटाट्याचे न्योकी, म्हणजे उकडायचे छोटे गोळे, वळताना, तिने तो फोन काचेच्या पेल्यात उभा केला (पेल्यामुळे आवाज मोठा येतो) आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं. मग हुंदके देत फोन पुन्हा लावला. त्या दिवशीचे न्योकी खारट झाले होते. एबेर तेवढा वेळ कानांत कापूस घालून अंगणात बसला होता.

जगात हेडफोनचे परीक्षक म्हणून एक जमात आहे. त्यांचं सगळं लिखाण एबेरने लेकीची चिठ्ठी आल्यासारखं वाचून काढलं. कुणाला खर्ज मखमली वाटे, कुणाला चॉकलेटी. एकाने लिहिलं होतं, "आजीने मिठी मारावी इतका उबदार."

"कुणाची आजी?" एबेरने मला विचारलं. "माझी तर चप्पल फेकून मारायची."

माझ्या स्वतःच्या पाहणीनुसार, हेडफोन निवडणाऱ्या शंभर माणसांपैकी साठ जण संगीत ऐकण्यासाठी निवडतात, ऐंशी जण दुसरं काही ऐकू येऊ नये म्हणून निवडतात आणि उरलेले निवडतच राहतात. (बेरीज शंभरावर जाते. कान दोन असतात.)

आमच्या उनिओन वस्तीतल्या हेडफोनच्या दुकानात मिकाएला नावाची मुलगी होती. तिच्याइतका सोशिक जीव मी पाहिलेला नाही. एबेर बगलेत गरम पाण्याचा थर्मास, हातात येर्बाच्या कडू चहाचा तुंबा, डोक्यावर टोपी अशा तयारीने जायचा आणि एकेक हेडफोन चढवून, नळीने येर्बा ओढत, डोळे मिटून बसायचा.

"याचा बेस उबदार आहे, एबेरकाका," ती म्हणाली.

"किती?"

"किती म्हणजे?"

"कोमट, उबदार का कढत?"

"अहो, बेस आहे तो, सूप नाही!"

"मग उबदार कशाला म्हणता?"

मिकाएलाने पुढचं खोकं उघडलं. काही आठवड्यांनी गिऱ्हाइकं एबेरलाच मालक समजून प्रश्न विचारू लागली, आणि त्याने अनेकांना खरेदीपासून वाचवलं.

हे चाललं असताना रेकॉर्डचं नाव होत होतं. एका रविवारी सकाळी आम्ही दोघं बेकरीत उभे होतो. रेडिओवाला म्हणाला, "आता ऐकू या आपल्या उनिओनची लेक, हिमेना बार्बोसा." सगळी बेकरी वळली आणि एबेरकडे बघून हसली. एबेरने दोन्ही कानांवर हात दाबले, "ऐकायचं नाही! मला ऐकायचं नाही!" असं ओरडला आणि बिस्किटांचा पुडा तिथेच टाकून रस्त्यावर पळाला.

मी मागे राहून खुलासा केला. पण खुलासा चालत जातो आणि बातमी धावत. संध्याकाळपर्यंत वस्तीत पक्कं झालं की बापाला लेकीची लाज वाटते. आठवड्यात ते मेक्सिकोला पोहोचलं.

तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

"बाबा, तुला आवडलं नाही का?"

"न ऐकता कसं सांगू, आवडलं का नाही ते?"

"तेच म्हणतेय मी. अजून ऐकलं नाहीस. सगळ्या गावाने ऐकलं."

"गाव कशावरही ऐकतं गं! माझी निवड चालू आहे. दोनच उरलेत. एकाचा खर्ज जरा—"

"बाबा, राहू दे," ती हळूच म्हणाली. "सवड झाली की ऐक."

त्यानंतर तिने विचारणं बंद केलं. फोन यायचे, पण आईला. एबेर शेजारी उभा राहून म्हणायचा, "सांग तिला, अंतिम टप्प्यात आहे." निल्दा सांगायची नाही.

अखेर निवड झाली. बाहेरून जाळी असलेले हेडफोन. बंद डब्याऐवजी जाळी असली की आवाज कोंडत नाही, ऐसपैस पसरतो. त्या बदल्यात आतलं थोडं बाहेर गळतं आणि बाहेरचं सगळं आत येतं. मिकाएलाने ते खोक्यात घालताना छातीवर क्रूसाची खूण केली.

रविवारची दुपार मुक्रर झाली. फ्रिज घुरघुरतो म्हणून त्याची पिन काढली. (आइस्क्रीम गेलं.) निल्दाला तळण बंद. कुत्रं माझ्या मांडीवर, त्याचं तोंड माझ्या मुठीत. आणि नेमका ढोलांचा ताफा गल्लीच्या तोंडाशी आला. आमच्याकडे रविवारी ढोल निघतात; ते थांबवायची कुणाची छाती नाही. निल्दा ॲप्रनवरच धावली आणि म्होरक्याला म्हणाली, "आमचा हा हिमेनाची रेकॉर्ड ऐकायला बसलाय."

"आत्ता? पहिल्यांदा?"

"आत्ता."

ही पोर शाळेत असताना त्यांच्याच मागोमाग नाचत जायची. म्होरक्याने हात वर केला. सगळा ताफा गळ्यात ढोल घेऊन आमच्या खिडकीखाली चिडीचूप उभा राहिला. जाळीतून गळलेला सुराचा बारीक धागा खिडकीबाहेर येत होता. एकाची बोटं नकळत ढोलाच्या कडेवर चालू लागली; शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं.

रेकॉर्ड संपली. एबेर दारात आला. त्याचा चेहरा कसातरीच झाला होता. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"चष्म्याच्या काडीवर," तो म्हणाला, "अजिबात भार येत नाही."

मग त्याने मेक्सिकोला फोन लावला.

"ऐकलं," तो म्हणाला.

"आणि?"

"उत्तम! कुठेही टोचलं नाही."

"बाबा, मी कसं वाजवलं?"

"तू बरोबर मधोमध होतीस. जरा मागे. अगदी फ्रिजच्या जागी."

एबेरने फोन हलवून पाहिला. "लाइन गेली."

"लाइन नाही गेली," निल्दा म्हणाली. "पोर गेली."

पोर जानेवारीत, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, आली. आईसाठी आली, हे तिने विमानतळावरच सांगितलं. वाद्य बरोबर होतं. त्या दुपारी अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजलं, कलिंगड कापलं. बापलेक एकमेकांशी फार अदबीने बोलत होते. "मीठ देतेस का?" "हे घ्या." हिमेना बापाला अहो म्हणत होती. आमच्या घरात इतकी सभ्यता मी पूर्वी कधी पाहिली नव्हती आणि पुन्हा पाहण्याची इच्छा नाही.

जेवणं झाल्यावर निल्दा म्हणाली, "वाजव गं काहीतरी."

हिमेनाने वाद्य उभं केलं आणि रेकॉर्डमधलंच वाजवायला घेतलं. एबेरने खुर्ची पुढे ओढली. मग मागे. मग म्हणाला, "जरा डावीकडे सरकतेस?"

ती थांबली. "का?"

"नाही, छानच आहे. पण असं समोरासमोर ऐकलं की बेस जरा गार लागतो."

मी टेबलावरची मांस कापायची सुरी उचलून आत ठेवून आलो. (सावधगिरी.)

वाद्य आडवं ठेवून हिमेना घरात गेली, हेडफोन घेऊन आली आणि स्वतःच्या हाताने बापाच्या डोक्यावर चढवले. चष्म्याची काडी सोडवली, टोपी सारखी केली. वायर खाली खुर्चीच्या पायापाशी लोंबत होती. ती कशालाच जोडलेली नव्हती.

"आता?" तिने विचारलं.

"हां. आता वाजव," एबेर म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

तिने पहिल्यापासून वाजवलं. निम्म्यावर आली तेव्हा एबेरच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते त्याने पुसलं नाही. वाजवणं संपलं. मग तो डोळे न उघडताच म्हणाला,

"मध्ये एके ठिकाणी तू थांबलीस. रेकॉर्डमध्ये थांबत नाहीस."

"हात घसरला, बाबा."

"बरं झालं घसरला. तिथे थांबायलाच हवं. मी रोज ऐकतो ना, तर तिथे माझा श्वास अडकतो. तुझाही अडकत असणार, असं वाटायचं."

"रोज ऐकतोस?"

"मग? इतकी पारखून घेतलेली वस्तू काय शोभेला ठेवायची?"

हिमेनाने वाद्याच्या मानेवर कपाळ टेकलं. ती हसत होती की रडत, ते मला दिसलं नाही. एबेरने हेडफोन काढून मायेने पुसले आणि आम्हा सगळ्यांना म्हणाला, "पाहिलंत? वस्तू चांगली असली की सगळं ऐकू येतं." निल्दाने वाकून, तो अडखळू नये म्हणून, वायर गोळा करून त्याच्या हातात दिली. तिचं दुसरं टोक कुठे होतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

ही हकीकत मी अनेकांना सांगितली आहे. बेकरीत, दवाखान्याच्या रांगेत, एकदा मयताच्या घरीसुद्धा. सगळे गहिवरतात. आणि मग जरा थांबून प्रत्येक जण विचारतो, "पण हेडफोन कुठल्या कंपनीचे?" मी सांगतो, लोक लिहून घेतात.

रेकॉर्डचं नाव अजून कुणी विचारलेलं नाही. तुमच्याही ते आत्ताच लक्षात आलं.