अनुमोदक : श्री देव रवळनाथ

"भारताचा संघ आता बोरिवलीत ठरणार!" चंद्रप्रकाश सातार्डेकरांनी गॅलरीत उभं राहून जाहीर केलं. समोरच्या बी विंगला ऐकू जावं हाच हेतू होता आणि तो सफलही झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या पटेलबेननी कपडे वाळत घालता घालता विचारलं, "क्रिकेटचा?"

"बुद्धिबळाचा!"

"अच्छा," म्हणून पटेलबेन पुन्हा चादरीकडे वळल्या.

पण एवढ्याने हिरमोड होईल तर ते सातार्डेकर कसले! जागेपणी स्वप्नं बघण्यात त्यांचा हात धरणारा माणूस दहिसरपासून अंधेरीपर्यंत सापडला नसता. हातातलं पत्र वाचून संपायच्या आत त्यांना जॉर्जियातलं थंडगार सभागृह दिसायला लागलं होतं. पासष्ट वर्षांवरच्या बायकांची जागतिक सांघिक स्पर्धा तिथे व्हायची होती. भारताच्या संघातल्या चौघी ठरल्या होत्या. पाचवी आपल्या विभागातून घ्यायची होती, आणि ती निवडायचं काम महासंघाने दोन जुन्याजाणत्या पंचांकडे सोपवलं होतं. एक बोरिवलीचे सातार्डेकर, दुसरे मनोरीचे लॉरेन्स.

आता गंमत बघा. पाचव्या जागेसाठी दोघीच उमेदवार होत्या. एक वनमालाबाई, म्हणजे सातार्डेकरांच्या पत्नी. दुसऱ्या ॲग्नेसबाई, म्हणजे लॉरेन्सच्या पत्नी! महासंघाने शोधून शोधून दोन पंच काढले आणि निघाले ते दोन नवरे! त्यांचा तरी काय दोष? अर्जात नवऱ्याचं नाव होतं, पण नवरा काय उद्योग करतो हे कुणी विचारलंच नव्हतं.

सातार्डेकरांच्या मनात मात्र एक जुनी बोच होती. अडतीस वर्षांपूर्वी वनमालाबाईंना राज्याच्या संघात बोलावणं आलं होतं. त्याच आठवड्यात धाकट्या निलेशला गोवर आला आणि त्या गेल्या नाहीत. नोकरीची गिरणी बंद पडलेली, घरात आजारी पोर, सातार्डेकर तेव्हा "तू जा, मी बघतो" असं म्हणाले नव्हते. म्हणायला हवं होतं! वनमालाबाईंनी त्यावर कधी शब्द काढला नाही, आणि सातार्डेकरांना त्याचाच जास्त त्रास व्हायचा. या वेळी ती गेलीच पाहिजे, असं त्यांनी गावच्या रवळनाथाला मनोमन सांगून ठेवलं होतं.

सामना सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. सहा डाव. पाचव्यापर्यंत अडीच-अडीच. सहावा सुरू झाला आणि पंचाच्या खुर्चीवर बसलेले सातार्डेकर हळूहळू जॉर्जियाला निघाले. तिथे बर्फ पडत होता. साडीवर निळं ब्लेझर घातलेल्या वनमालाबाई पहिली खेळी करत होत्या. नियमाप्रमाणे खेळाडूला एक सोबती नेता येत होता, आणि तो सोबती, म्हणजे अर्थातच सातार्डेकर, तशाच निळ्या ब्लेझरमध्ये मागे उभा होता. वजीर कसा फिरतो ते एक म्हातारा जॉर्जियन त्यांना अदबीने विचारत होता. ते सांगणार, एवढ्यात लॉरेन्सनी कोपर मारलं.

"काय रे, झोपला काय? बरोबरी झाली. तीन-तीन!"

आता नियम असा की बरोबरी झाली तर पंचांनी मतं द्यायची. दोघं हॉलच्या मागच्या खोलीत गेले, दार लावलं, चिठ्ठ्या लिहिल्या. सातार्डेकरांनी पेन उचललं आणि त्यांना अख्खी बी विंग डोळ्यासमोर दिसली. बायकोचं नाव लिहिलं तर पटेलबेन काय म्हणतील? लॉरेन्स काय म्हणेल? चाळीस वर्षांची दोस्ती! छातीवर दगड ठेवून त्यांनी लिहिलं : ॲग्नेस.

लॉरेन्सची चिठ्ठी उघडली. त्यावर होतं : वनमाला.

"अरे मूर्खा, तू तुझ्या बायकोला मत द्यायचं ना!" सातार्डेकर ओरडले.

"आणि तू? तू काय दिवे लावलेस? लोक बोलले असते ना मला! मनोरीत तोंड दाखवायला जागा नसती राहिली."

पुन्हा एक-एक! दोघं कपाळाला हात लावून बसले. शेवटी सातार्डेकर म्हणाले, "आमच्या गावात असं अडलं की एकच उपाय. देवाला कौल लावायचा."

"म्हणजे?"

"देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी म्हणजे वनमाला, डावी म्हणजे ॲग्नेस. रवळनाथाचा शब्द शेवटचा."

लॉरेन्सनी क्षणभर विचार केला. "चालेल. निदान तो दोघींचाही नवरा नाय."

गावचा गुरव नितेश. त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, देवळातल्या समईला मोबाइल टेकवला, पाकळ्या लावल्या आणि सुरुवात केली, "बा देवा रवळनाथा, तुझ्या लेकरांनी आज बुद्धिबळाच्या खेळासाठी तुझ्या पायाशी गाऱ्हाणा घातला हा..."

"होय महाराजा!" सातार्डेकर म्हणाले.

"होय महाराजा!" लॉरेन्सही मनापासून म्हणाले. म्हटल्यावर नकळत त्यांनी छातीवर क्रूसही केला.

दोघं मोबाइलकडे बघत राहिले. समईची ज्योत हलत होती. देवाचा काळा पाषाण पाण्याने चमकत होता. आणि अलगद, झोपेत कुणी कूस वळवावी तशी, एक पाकळी सुटून खाली आली.

"उजवी!" सातार्डेकर खुर्चीवरून उडालेच. "उजवी पडली! वनमाला!"

तिकडे नितेश काहीतरी बोलत होता, पण तेवढ्यात गावचं नेटवर्क गेलं. लॉरेन्सनी सातार्डेकरांना मिठी मारली. त्यात थोडी हळहळ होती, पण खोटेपणा अजिबात नव्हता.

इथवर सगळं झकास होतं. वाट लागली ती पुढे. सातार्डेकर एकोणीस वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याची टाकी धुतली तरी त्यांचा ठराव व्हायचा, सूचक-अनुमोदकासह. तेव्हा भारताचा संघ निवडल्यावर इतिवृत्त नको? त्यांनी मान खाली घालून दोन पानं इंग्रजीत टाइप केली. मतदान कसं झालं तेही लिहिलं, कारण लपवाछपवी त्यांच्या रक्तात नव्हती. शेवटी लिहिलं, "श्रीमती वनमाला यांची निवड करण्यात येत आहे. सूचक : श्री. लॉरेन्स. अनुमोदक : श्री देव रवळनाथ." आणि धाडलं.

घरी येऊन त्यांनी वनमालाबाईंना एवढंच सांगितलं, "तुझी निवड झाली."

वनमालाबाईंनी गॅस बंद केला. पदराने हात पुसले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. "खरंच?" त्यांनी विचारलं. आणि मग नुसत्या हसत राहिल्या. सातार्डेकर बघतच राहिले. अडतीस वर्षांनी का होईना, हे तोंड असं बघायला मिळालं!

दुसऱ्या दिवशी सकाळी महासंघाचं उत्तर आलं. "मिस्टर देव रवळनाथ यांची सही राहिली आहे. त्यांच्या ओळखपत्राची प्रत जोडावी. तसेच ते कोणत्याही उमेदवाराचे नातेवाईक नाहीत, असे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. आज संध्याकाळी पाचपर्यंत कागद न आल्यास ही जागा दुसऱ्या विभागाला देण्यात येईल."

सातार्डेकरांनी पत्र दोनदा वाचलं. दोन नवरे महासंघाला चालले होते, आणि अडकला होता तो देव! नातेवाईक नाही असं तरी लिहायचं कसं? ग्रामदैवत म्हणजे मायबापच! त्यांनी घाईघाईने नितेशला फोन लावला.

"नितेश, देवाची सही मिळेल का रे?"

नितेश जपून म्हणाला, "काका, बरा आसा मां तुमका? देव सही करता काय कधी? अंगारो धाडूक शकतंय."

सातार्डेकरांनी सगळं सांगितलं. नितेश म्हणाला, "पण काका, काल मी वरडून सांगत होतंय, तुमी ऐकूकच नाय. पडली ती डावी! देव तुमच्या समोर बसलो हा. तुमचो उजवो तो देवाचो डावो!"

सातार्डेकरांनी फोन ठेवला. जन्मभर पटासमोर बसलेला माणूस! समोरच्याची उजवी बाजू ती आपली डावी, हे त्यांनी सोसायटीतल्या पोरांना शंभरदा शिकवलं होतं. म्हणजे देवाने ॲग्नेसला निवडलं होतं, आणि आपण देवाच्या नावावर बायकोला पुढे केलं! आता हे लॉरेन्सला सांगायलाच हवं. आणि वनमालाला? तो हसरा चेहरा आठवून त्यांना रडूच आलं.

"मनोरीला जाऊन येतो," त्यांनी चपला घालता घालता सांगितलं.

"थांबा, मीपण येते. ॲग्नेसला भेटायचंय मला."

झालं! मार्वेच्या जेट्टीवर दोघं फेरीबोटीत चढले. खाडीवर ऊन सांडलं होतं, पाणी दुधासारखं संथ होतं. एरवी सातार्डेकरांनी एवढ्यात अर्धा युरोप पालथा घातला असता. आज स्वप्नसुद्धा धड पडेना. बर्फ दिसे, सभागृह दिसे, पण ब्लेझरमधली बाई तोंड फिरवून उभी. शेजारी खऱ्या वनमालाबाई पर्समधल्या छोट्या पटावर उंट सरकवत होत्या.

लॉरेन्सच्या ओटीवर चहा आला, पण सातार्डेकरांनी कपाला हात लावला नाही. उभं राहून सोसायटीच्या सभेत बोलावं तसं त्यांनी सगळं सांगून टाकलं : कौल, पाकळी, उजवी-डावी, रवळनाथाची सही. "म्हणून ही जागा ॲग्नेसची आहे," ते कसेबसे म्हणाले. वनमालाबाईंकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

ॲग्नेसबाईंनी कपाळाला हात लावला. "चंदूभाऊ, तुमी पंच होता ना? सहावा डाव बघितला का नाय?"

"म्हणजे... हो. साधारण."

"मी हरत होते! हत्ती गेला माझा, चार खेळ्यांत मात होती. तेवढ्यात माझी बीपीच्या गोळीची वेळ झाली, हात लागला थरथरायला. वनमालाने बघितलं आणि स्वतःहून बरोबरी दिली. मी नको म्हटलं, तर ती म्हणते, गोळी घे आधी. मला वाटलं, पंचांना दिसलंच असेल. वनमालाच जाणार. मी तर तिच्यासाठी कानटोपी विणायला घेतलीय!"

सातार्डेकरांनी लॉरेन्सकडे बघितलं. लॉरेन्स म्हणाले, "माझ्याकडे बघू नको. मी तुझ्यासाठी चहा सांगायला गेलेलो."

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. सातार्डेकरांनी सोबत आणलेल्या इतिवृत्ताचं शेवटचं पान लॉरेन्सनी टेबलावर ठेवलं. "देवाचं नाव खोड आणि अनुमोदक म्हणून तू सही कर. कुणाला काय बोलायचं ते बोलू दे!"

या वेळी सातार्डेकरांना बी विंग दिसली नाही. त्यांनी ठसठशीत सही केली, मनात रवळनाथाची माफी मागितली आणि कागदाचा फोटो धाडला. "बघ," ते वनमालाबाईंना म्हणाले, "या वेळी मी तुला अडवलं नाही."

वनमालाबाईंनी इतिवृत्त हातात घेतलं. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचलं. मतदानाच्या परिच्छेदावर त्यांचं बोट थांबलं.

"अहो, हे काय? लॉरेन्सनी मत दिलं मला. आणि तुम्ही दिलंत ॲग्नेसला?"

"लोक काय म्हणतील म्हणून गं..." सातार्डेकर पुटपुटले.

वनमालाबाईंनी पर्समधून महासंघाचा अर्ज काढला. तो भरलेला होता, फक्त 'सोबत येणारी व्यक्ती' हा रकाना कोरा होता. सातार्डेकरांनी नकळत पोट आत घेतलं आणि खांदे सरळ केले, ब्लेझर बसतंय का बघावं तसे.

वनमालाबाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं : ॲग्नेस.

"आता असू दे," त्या पेनाचं टोपण लावत म्हणाल्या. "तुमचं मत फुकट जायला नको!"