चष्म्यातली म्हातारी

“आधी चष्मा लावा, मग नावं ठेवा,” प्राचार्य म्हणाले. लेथमास्तरांनी चहाचा कप डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने तो चष्मा मेलेल्या उंदरासारखा पट्ट्याला धरून उचलला.

कॉलेजच्या कार्यशाळेतल्या या कोपऱ्यात सुट्टीपर्यंत खरी लेथ होती. लोखंड फिरवून कातणारं जुनं यंत्र. पोरं तिला ‘म्हातारी’ म्हणत. ती भंगारात गेली आणि हा चष्मा आला. डोळ्यांवर चढवला की रिकाम्या फरशीवर लेथ उभी दिसते, हवेत हात फिरवले की चालते. बाकीच्या शिक्षकांनी माना डोलावल्या होत्या. मान डोलवायला काही खर्च येत नाही. अडून बसले होते एकटे लेथमास्तर, आणि लेथ शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं.

“हवेत हात फिरवून लोखंड कळतं होय? मग पोहायलाही गादीवरच शिकवा!” असं म्हणत त्यांनी चष्मा चढवला.

समोर म्हातारी उभी होती. दांड्यावरच्या जुन्या पोच्यासकट.

“सर, तुमचीच लेथ आहे,” चष्मा बनवणाऱ्या कंपनीची पोरगी म्हणाली. “भंगारवाला यायच्या आधी मापं घेतली होती.”

मास्तरांनी जन्मभर जे केलं तेच केलं. म्हातारीचं डोकं चालून चालून कोमट व्हायचं, त्यावर चहा गरम राहायचा. त्यांनी कप तिच्या डोक्यावर ठेवला.

कप सरळ प्राचार्यांच्या पांढऱ्या पँटवर गेला. प्राचार्य एका पायावर उडाले आणि आधाराला त्यांनी टेबल धरलं. टेबल कललं, उरलेल्या चष्म्यांची पेटी घसरली. ती धरायला पोरगी वाकली. तिला मदत करायला मास्तर घाईने वळले, तोल जाताच त्यांनी सवयीने म्हातारीवर कोपर टेकलं आणि आख्खेच्या आख्खे पेटीवर बसले. आतून कुरकुरीत आवाज आला.

“मुद्दाम केलंत तुम्ही!” प्राचार्य ओरडले.

“मुद्दाम कोण स्वतःचा चहा सांडेल हो?”

पोरगी मात्र हरखली होती. “म्हणजे खरी वाटली ना, सर? मग होकार धरू?”

“नको. मुकी आहे ही.” मास्तर बसल्या जागेवरूनच म्हणाले. “हत्यार बोथट झालं की ती कुरकुरायची, पोरानं घाई केली की किंचाळायची. पोरं आधी कानानं शिकतात.”

“आवाज आता कुठून आणू? ती तर वितळली असेल.”

मग मास्तर फरशीकडे बघत पुटपुटले, “मला येतो.”

त्या आठवड्यात त्यांच्या घरच्या न्हाणीघरातून घरघर, कुरकुर आणि किंकाळ्या येत राहिल्या. बायकोने दार ठोठावलं. “माझं काय दुखतंय ते सांगितल्याशिवाय कधी कळलं नाही तुम्हाला. तिची मात्र कुरकुरसुद्धा पाठ!”

“तू बोलून दाखवतेस. ती कुठे बोलायची?”

“घसा बसेल. गरम पाणी ठेवते,” बायको म्हणाली.

मास्तरांनी रेकॉर्ड केलेले ते आवाज पोरीने नव्या चष्म्यांत भरले आणि वर्ग सुरू झाला. चष्मे लावलेल्या पोरांनी हवेत हात फिरवले आणि कानात म्हातारी घरघरू लागली. एकाने घाई केली. ती किंचाळली आणि शेवटी खाकरली.

“सर, हिला खोकला झालाय!”

“पहिल्यापासून होता,” मास्तर गंभीरपणे म्हणाले. त्यांनीही चष्मा डोळ्यांवर ओढला, आवाज ऐकत राहिले, आणि नकळत कप तिच्या डोक्यावर ठेवला.

कप पडला नाही.

त्यांनी चष्मा वर केला. कपाखाली बेताच्या उंचीचं स्टूल होतं, आणि सुरक्षित अंतरावर प्राचार्य उभे होते.

“डाग निघत नाहीत हो चहाचे,” ते दुसरीकडे बघत म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली, चष्मा पुन्हा खाली घेतला. म्हातारी जोरात चालली होती. तास संपेपर्यंत ते तिच्याजवळ उभे राहिले. मग कप उचलून त्यांनी घोट घेतला.

चहा पार गार झाला होता.