घाबरायचं काम

कमरीपेठेच्या कबड्डी संघात खेळायला सातजण होते आणि घाबरायला एक व्यवस्थापक. ते म्हणजे कापडाचे दुकानदार मुकुंदराव, पोरांचे अण्णा. सामना सुरू झाला की त्यांना दरदरून घाम फुटे, टोपी हातात येई आणि मैदानाभोवती येरझाऱ्या सुरू होत. कप्तान नागोजी चिडायचा, लक्ष्मण चेष्टा करायचा, बाकीचे निवांत खेळायचे. पण अंतिम सामन्यात संघ दरवर्षी हरे. यंदा विजेतेपदाची ढाल आली नाही तर व्यवस्थापक बदलू, असं मंडळाने बजावलं होतं. मुकुंदरावांचा जीव दुकानापेक्षा या पदात अडकलेला.

आपण भितो म्हणून पोरंही भितात, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि मळमड्डीच्या डॉक्टरांकडून मन शांत करणाऱ्या गोळ्या आणल्या.

धारवाडला अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा सकाळीच गोळी घेऊन निघालेले मुकुंदराव खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. अण्णांनी आशाच सोडली की काय, या विचाराने नागोजी चिडायचं विसरला. लक्ष्मणची चेष्टा आटली. घाबरायला माणूस उरला नाही म्हटल्यावर सगळ्यांनी ते काम थोडंथोडं वाटून घेतलं, आणि सवय कुणालाच नव्हती. मध्यंतराला संघ पार मागे पडला.

"अण्णा, असं बसू नका हो," नागोजी काकुळतीला आला. "आमचं काळीज धडधडायलंय."

मुकुंदराव मायेने हसले. ते बघून लक्ष्मणला रडूच आलं.

बायकांमध्ये बसलेल्या त्यांच्या पत्नी कुसुमावती हे सारं बघत होत्या. त्या उठून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, दुकानाला कुलूप लावलंय न्हवं?"

मुकुंदरावांच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या. कुलूप लावल्याचं काही केल्या आठवेना. घाम फुटला, टोपी हातात आली, येरझाऱ्या सुरू झाल्या.

"अण्णा घाबरले," लक्ष्मण म्हणाला, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नागोजी पंचांवर मनसोक्त चिडला. अर्धा सामना स्वतः घाबरून काढलेली पोरं आता जीव तोडून खेळली, आणि ढाल कमरीपेठेची झाली.

परतताना बसमध्ये कुसुमावती खुदकन हसल्या. "कुलपाचं मी उगीच म्हटलं हो. तुम्ही कधी विसरताय?"

मुकुंदराव मांडीवरची ढाल कुरवाळत राहिले. आता त्यांना कशाचीच काळजी नव्हती.

पेठेत पोचून बघतात तर दुकानाचं दार सताड उघडं होतं. शेजारचे गणपत पानवाले उंबऱ्यावर राखण करत बसले होते.

"सकाळधरनं बसलोय," ते म्हणाले. "शेंगा खात खात तसेच गेलात की हो तुम्ही."

कुसुमावतींना दरदरून घाम फुटला. त्या पायरीवर मटकन बसल्या. मुकुंदरावांनी ढाल काखेत धरली, टोपीने त्यांना वारा घातला आणि खिशातली उरलेली गोळी त्यांच्या हातावर ठेवली.