चाल बे, रगता

आमच्या शेजारचे नामदेवभाऊ बसत नाहीत. लग्नात सगळे मांडी घालून पंगतीला बसले की हे पत्रावळ हातावर घेऊन मांडवाच्या खांबाभोवती फिरत जेवतात. खामगावच्या एसटीत खिडकीची जागा रिकामी असली तरी हे दांडा धरून उभे. एकदा मयतीच्या घरी भेटायला गेले, तर तिथंही दारापासून चुलीपर्यंत येरझारा. शेवटी त्या घरच्या बाईनं पदरानं डोळे पुसत विचारलं, "भाऊ, संडासले जायचं हाय काय? मागच्या बाजूले हाय."

बरं, माणूस टेलर. आता टेलरनं बसायचं नाही तर काय करायचं? भाऊंनी मशीन विटांवर चढवलं, मोटर लावून घेतली आणि एका पायावर बगळ्यासारखे उभे राहून शिवतात. मधेच मशीन थांबवून दुकानात गोल चक्कर मारायची, बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायचं, मांडीवर थाप मारायची आणि म्हणायचं, "चाल बे, रगता, चाल! काऊन थांबून राह्यला?" नवीन गिऱ्हाईक मागं वळून बघतं, बैल कुठं बांधला म्हणून.

दुसरं एक वेड सांगते. हा माणूस काही फेकत नाही. कापडाचा बोटभर तुकडा राहिला तरी पोत्यात जातो. त्याची गोधडी होते, पिशवी होते, पायपुसणं होतं, आणि ज्याचं काहीच होत नाही ते उशीत भरलं जातं. मी एकदा दुकान झाडताना मूठभर चिंध्या बाहेर टाकल्या, तर सुई हातात घेऊन मागं धावत आले. "वैनी, फेकाचं नसते! तुकडाही कोनाच्या तरी कामी येते!"

माझ्या मते भाऊंची सगळी फजिती याच वेडापायी झाली.

त्यांची बायको कमलबाई, देवमाणूस. पोरगी झाली तेव्हा अंगावरून फार गेलं आणि कोण्या अनोळखी माणसाची रक्ताची बाटली तिला लागली. ती वाचली, पुढं कितीतरी वर्षं संसार केला, आता नाही. पोरगी लग्न होऊन पुण्यात. पण त्या बाटलीपासून भाऊंनी नेम धरला. दरसाल जयंतीला विहारात रक्तदानाचं शिबिर असतं, त्यात पहिली खाट भाऊंची. इस्त्रीचा पांढरा सदरा, बाही आधीच वर केलेली. गावात कोणी विचारायचं, "काय भाऊ, जयंतीची तयारी?" की हे दंड दाखवायचे.

एका साली शिबिरातल्या पोरानं भाऊंच्या बोटाला सुई टोचली आणि थेंब निळ्या पाण्यात सोडला. थेंब गोट्यासारखा तळाला गेला. पोरगा म्हणाला, "काका, तुमचं रक्त जास्तीच दाट आहे. आज घेता येत नाही. डॉक्टरला दाखवून घ्या."

दुसरा असता तर डॉक्टरकडे गेला असता. भाऊ गावभर सांगत फिरले, "अख्ख्या पिंपळगावात सगळ्यात जास्त रगत आपल्यात हाय!" गावालाही पटलं. तोंड तर टमाट्यासारखं लाल. काही लोक म्हणत, हा चोरून दारू पीत असेल. भाऊ पंचशील पाळणारे, त्यांना हे फार लागलं. गरम पाण्यानं आंघोळ केली की अंगाला अशी खाज सुटायची की भिंतीला पाठ घासत उभे राहायचे. साबण बदलून झाला, कडुलिंबाचा पाला झाला. मग डोकं दुखायला लागलं, डोळ्यापुढं अंधारी यायला लागली. सरपंचाच्या सदऱ्याला उजव्या खांद्यावर डावी बाही लागली, तेव्हा पोरीनं पुण्याहून येऊन त्यांना अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, हा रक्ताचा कॅन्सर आहे. फार कमी लोकांना होतो. हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं, ते गरजेपेक्षा जास्त व्हायला लागतं. मुळातून जात नाही, पण ताब्यात राहतो. गोळ्या रोज घ्यायच्या, मधून मधून रक्त काढून टाकायचं, पाणी प्यायचं, तासन्‌तास एका जागी बसून राहायचं नाही. असं सांभाळलं तर माणूस वर्षानुवर्षं आपलं काम करत जगतो.

भाऊंनी यातल्या दोन गोष्टी फार मनावर घेतल्या. एक, बसायचं नाही. ते आपण पाहतोच. दुसरी, रक्त काढून टाकायचं. 'टाकायचं' म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं.

इकडे गावानं 'रक्ताचा कॅन्सर' एवढंच ऐकलं आणि समज करून घेतला की भाऊंचं रक्त आटलं. जो तो भेटायला यायचा तो बीट घेऊन, डाळिंबं घेऊन, शेंगदाण्याचे लाडू घेऊन. एका आजीनं तर रक्तवाढीच्या गोळ्या आणल्या, सुनेच्या उरलेल्या. मी म्हटलं, "अवो, याच्यात रगत लय झालं, कमी नाही! हाडातला नळच बंद होत नाही!" आजी मला म्हणाली, "तू गप वो. रगत कधी जास्ती होते काय?" भाऊ कोणाला नाही म्हणत नव्हते. सगळं घेत, आणि संध्याकाळी गावातल्या पोटुशी बायांच्या दारात ठेवून येत. फेकायचं नसतं ना.

पहिल्यांदा बुलढाण्याला रक्त काढायला गेले, तेव्हा पिशवी भरल्यावर नर्सला विचारलं, "बाई, हे कोनाले देता?"

"कोणाला नाही काका. हे चालत नाही. आम्ही नष्ट करतो."

भाऊ घरी आले ते दोन घास जेवले नाहीत. नंतरची तारीख आली, गेलेच नाहीत. मला म्हणाले, काम लय हाय. त्यानंतरचीही टाळली. मला वाटलं, असेल लग्नसराई.

मग कळलं. वडनेर भोलजी गावात रक्तदानाचं शिबिर होतं. भाऊ रक्त 'साठवून' तिकडं गेले, नाव दुसरं सांगून. हे असं साठवतात काय? पोत्यातल्या चिंध्या आहेत का? तिथं बोट पुढं केलं, थेंब पुन्हा गोट्यासारखा तळाला, आणि समोर तोच पोरगा! "काका, तुम्ही पिंपळगावचे नाही का?" भाऊ म्हणाले, "नाही बे, तो माहा भाऊ."

तिथून परतले आणि पायाची बोटं विस्तवावर ठेवल्यासारखी जळायला लागली. एका डोळ्यानं दिसेना. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीनं त्यांना बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना झापलं. "रक्त गोठून लकवा मारला असता. जीव गेला असता. कळतं का?" रक्त काढलं, डोळा दोन दिवसांत उजळला, नशीब.

परतीच्या गाडीत, घाटात, भाऊ दांडा धरून उभे आणि मी बसलेली. मी म्हटलं, "भाऊ, चिंध्या जपता तुम्ही, चांगलं हाय. पन मशीनच बंद पडलं तं त्या चिंध्या शिवन कोन?"

भाऊ म्हणाले, "वैनी, कमलले ज्यानं बाटली देल्ली, त्यानं मी कोन हाय पाह्यलं होतं काय? आन आता माह्या रगताले मोरीतही जागा नाही."

मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

तेव्हापासून तारीख चुकत नाही. मी सोबत जाते, डबा नेते. पण यंदाच्या जयंतीआधी भाऊ दुकानाचं दार लावून काहीतरी शिवत होते. विचारलं तर "चाल बे, रगता" म्हणून चक्कर मारायला निघून जायचे.

जयंतीला मी विहारात गेले, तर टेबलावर टोपली. टोपलीत चिंध्यांचे चेंडू, घट्ट भरलेले, रंगीबेरंगी. रक्त देताना हातात धरून दाबायला. भाऊ सकाळपासून दारोदार फिरून माणसं गोळा करून आणत होते. त्यात माझी सून वंदनाही. ती सुईला इतकी भिते की खाटेवर पडल्या पडल्या पांढरी पडली. भाऊ तिच्याभोवती गोल फिरत, "काही नाही होत, बाई, काही नाही होत."

"काका, तुमी फिरू नका नं, मले गरगरून राह्यलं," वंदना म्हणाली. "बसा माह्याजवळ."

भाऊ थांबले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसले.

त्यांना बसलेलं पाहून चहा वाटणारी बाई किटली धरून तशीच उभी राहिली.

वंदनाच्या हातात त्यांनी एक चेंडू दिला. "दाबा. सोडा. दाबा. सोडा." आणि अगदी हळू, जसं कोणाला झोपेतून उठवायचं नसतं तसं, "चाल बे, रगता, चाल."

पिशवी भरत होती. मी पाणी द्यायला जवळ गेले तेव्हा दिसलं, भाऊंच्याही मुठीत एक चेंडू होता. कमलबाईच्या हिरव्या पातळाचा, किनारीसकट. पांढऱ्या सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर केलेली, हात गुडघ्यावर उताणा ठेवलेला, आणि वंदनाच्या मुठीबरोबर त्यांचीही मूठ दाबत होती, सोडत होती.