बारमाही प्रशिक्षणार्थी देवरावजी

माझ्या सासऱ्यांच्या तेरवीच्या पंगतीत, मठ्ठ्याचे पेले फिरत असताना उभं राहून "कार्यक्रमातलं काय आवडलं आनि पुढच्या वेळी काय सुधारता येईल, थोडक्यात सांगा" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बरं, लोकांनी उत्तरंही दिली. एकजण म्हणाला, वांग्याच्या भाजीत तेल जास्त झालं. दुसरा म्हणाला, पंगत वेळेवर बसली ही गोष्ट चांगली. माझे मोठे दीर डोक्याचा गोटा करून एका कोपऱ्यात हात जोडून बसले होते. त्यांच्याकडे वळून हे महाशय म्हणाले, "आता आयोजकाईले काही बोलाचं हाये का?"

हे आमचे देवरावजी. समुद्रपुरात त्यांचं घर आणि आमचं घर एका भिंतीचं. गावात बियाण्या-खताचं दुकान होतं, ते आता पुतण्या बघतो आणि काकांनी तिकडे फिरकू नये म्हणून देवाला दिवा लावतो. कारण एकदा युरियाची बोरी घ्यायला आलेल्या माणसाला देवरावजींनी बसवून घेतलं आणि विचारलं, "या हंगामाकडून तुमच्या अपेक्षा काय हायेत?" तो माणूस थोडा वेळ बसला, पाणी प्याला आणि समोरच्या दुकानातून बोरी घेऊन गेला.

ही सगळी कृपा प्रशिक्षणांची. आमच्या वर्धा जिल्ह्यात संस्था उदंड, आणि संस्थांना शहाणं करणारी प्रशिक्षणंही उदंड. हिशेब कसा ठेवावा, प्रस्ताव कसा लिहावा, कार्यकारिणीतली भांडणं कशी मिटवावी, पाणी कसं अडवावं, मधमाश्या कशा पाळाव्या. देवरावजी यातल्या एकूण एक प्रशिक्षणाला जाऊन आलेत. गरोदर बायकांच्या आहाराच्या प्रशिक्षणातसुद्धा पहिल्या रांगेत बसून आले आणि पुढचा महिनाभर आमच्या गल्लीतल्या सुनांना दारात उभं करून "सकाळी हिरवी भाजी खाल्ली का, बाई" म्हणून विचारत होते. एका सुनेनं तर मागच्या दारानं जायला सुरुवात केली.

गंमत अशी, की त्यांची स्वतःची संस्थाच नाही. प्रशिक्षणात सुरुवातीला सगळ्यांना गोल बसवतात, ओळख करून द्यायला लावतात. यांची पाळी आली की हे उभे राहतात, नाव सांगतात आणि म्हणतात, "संस्था व्हायची हाये, पन तयारी पूर्न हाये." लोक हसतात. आयोजकांचीही तक्रार नसते. असा प्रशिक्षणार्थी त्यांना शोधून सापडायचा नाही. सत्र सुरू व्हायच्या आधी हजर, दुपारी जेवणानंतर सगळे पेंगायला लागले की टाळ्या वाजवत गाणं म्हणणारा, आणि शेवटी सतरंज्या घडी करून मगच बस पकडणारा.

तिथून जे उचलायचं ते घरी आणायचं, ही त्यांची रीत. प्रशिक्षणात लोकांचे गट पाडायचे असले की फळांची नावं देतात. हा आंबा, हा पेरू, हा सीताफळ, मग सगळे आंबे एकीकडे, सगळे पेरू एकीकडे. तळेगावला आमच्याच नात्यातल्या एका लग्नात जेवायला रेटारेटी झाली, तर देवरावजींनी वऱ्हाडाला फळं वाटली. पहिली पंगत आंब्यांची, दुसरी पेरूंची. नवरदेवाचे मामा निघाले सीताफळात. मानाचा माणूस तिसऱ्या पंगतीला, मग काय विचारता. मामा रुसून जाऊन बसले गाडीत. त्यांना काढता काढता नवरदेवाचा घाम निघाला. देवरावजी मात्र शांत. "हा मुद्दा पार्किंगले लावू," म्हणाले.

पार्किंग म्हणजे काय, तेही सांगते. प्रशिक्षणात कोणी भलताच प्रश्न काढला, तर तो भिंतीवरच्या एका वेगळ्या कागदावर लिहून ठेवतात, नंतर बोलू म्हणून. त्याला म्हणतात पार्किंग. नंतर कोणी बोलत नाही हा भाग वेगळा. देवरावजींच्या पार्किंगमध्ये नळाचं पाणी होतं, पुतण्याचं वागणं होतं, स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. सगळं उभंच होतं तिथं.

आता माझं सांगते, नाहीतर मी या माणसाची एवढी आरती का ओवाळते ते कळायचं नाही. मी एक केंद्र चालवते. ज्या मुलांना चालता येत नाही, मान सावरता येत नाही, बोलता येत नाही, अशी आसपासच्या गावांतली मुलं सकाळी येतात आणि दुपार टळल्यावर जातात. सोसायटीच्या जुन्या गोदामातल्या दोन खोल्या, हीच आमची संस्था. मुलांना सांभाळायला दोघी ताया होत्या, त्यातली एक लग्न होऊन गेली. हिंगणघाटहून मुलांचे व्यायाम घ्यायला डॉक्टरीणबाई यायच्या, त्यांची बदली झाली. मुलांना उचलून उचलून माझी कंबर गेली. दिवाळीपर्यंत काही आधार मिळाला नाही तर केंद्र बंद करायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. आयांना काय तोंडानं सांगायचं, तेवढंच ठरत नव्हतं.

हे देवरावजींना कळलं आणि आठवड्यानं ते कुठल्याशा प्रशिक्षणाहून थेट माझ्या दारात. पिशवी खांद्यालाच. म्हणाले, "ताई, नागपूरची एक संस्था हाये. लहान लहान संस्थाइले वर्षभर धरून चालवते. प्रशिक्षन देते, मानूस पाठवते, व्यायामवाली बाई बी देते. मी चहाच्या सुट्टीत त्यायच्या मॅडमले धरलं."

"चहाच्या सुट्टीत तुम्ही लोकांना धरता का?"

"खरं प्रशिक्षन तं चहाच्या सुट्टीतच असते, ताई."

अर्ज केला. पाहणीला येतो असं त्यांनी कळवलं. मी आठवडाभर बोलायची तयारी केली. आदल्या दिवशी देवरावजींना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "उद्या तुम्ही फक्त चहा बघायचा. ओळख नाही, खेळ नाही, फळं तर अजिबात नाहीत."

"नाई, नाई. तुमचा कार्यक्रम, मी काऊन मधात येऊ?"

पाहणीला एक मॅडम आल्या, सोबत त्यांचे एक सहकारी लॅपटॉप घेऊन. मुलांच्या आया त्या दिवशी मुद्दाम थांबल्या होत्या, भिंतीला टेकून, पदर सावरून, एका ओळीत. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात आतल्या खोलीत एका मुलाला झटका आला. मला आणि उरलेल्या ताईला धावावं लागलं. त्याला कुशीवर वळवलं, शांत होईपर्यंत जवळ बसले, कपडे बदलले. बराच वेळ गेला. बाहेर येऊन बघते तर काय, मॅडम चपला काढून सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या, साहेबांचा लॅपटॉप बंद, आणि देवरावजी मधोमध उभे राहून म्हणत होते, "पेरू गट या कोपऱ्यात येजा."

मी डोक्याला हात लावला. आठवडाभराची तयारी गेली खड्ड्यात. बोलावं तर पाहुण्यांसमोर तमाशा, म्हणून दारातच उभी राहिले आणि डोळे वटारले. देवरावजींनी माझ्याकडे बघितलंच नाही. मुद्दामच.

पेरू गटात मॅडमच्या शेजारी शोभा होती. शोभा म्हणजे आरूची आई. आरू आठ वर्षांची, मान सावरत नाही, बोलत नाही. तिला कडेवर घेऊन शोभा रोज एस.टी.नं येते आणि दिवसभर बाहेर कडुनिंबाखाली बसून राहते. या बाईचा आवाज मी क्वचितच ऐकला होता. लाजाळू आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

देवरावजींनी आपला ठरलेला प्रश्न टाकला, "या केंद्राकडून तुमच्या अपेक्षा काय हायेत?" बाकीच्या आया एकमेकींकडे बघून पदरात हसल्या. शोभानं मात्र मॅडमकडे बघितलं आणि सांगायला लागली.

"मले दुपारी एक झोप भेटते इथं. रातभर पोरगी रडते न, तिले घेऊनच बसा लागते. घरी दिवसा झोपलं तं सासू बोलते. इथं पोरगी आत असते, तं मी झाडाखाली पडते. थेवढी झोप राहू द्या. दुसरं काई नाई."

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला आणि शोभाच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेव्हा दुसरी एक बाई बोलली, मग तिसरी. मी आठवडाभर घोकलेल्या भाषणात यातलं एक अक्षर नव्हतं, कारण मलाच ते माहीत नव्हतं. आम्ही मुलांचा विचार करत होतो. त्या झाडाखाली रोज एक थकलेली बाई झोपते, म्हणून तिचं घर चालतं, हे कोणी विचारलं असतं तर कळलं असतं ना. ते विचारलं देवरावजींनी. त्यांना तरी कुठे ठाऊक होतं. ते तर युरिया घेणाऱ्यालाही विचारतात.

पाहुणे गेल्यावर मी त्यांना रागवायचं ठरवलं होतं. ते सतरंज्या घडी करत होते. मी दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून घडी केली.

काही दिवसांनी फोन आला. आमचं केंद्र निवडलं गेलं होतं. व्यायामवाली बाई येणार, महिन्यातून एकदा मार्गदर्शन करायला माणूस येणार, नवीन ताईच्या मानधनाची सोय होणार. मी खुर्चीत बसून रडले, लपवत कशाला. शोभाला सांगितलं तर तिनं आरूला वर उचलून नुसतं हलवलं, आणि आरू हसली.

सोबत अजून एक गोष्ट होती. केंद्रातल्या एकानं नागपूरला राहून मोठं प्रशिक्षण घ्यायचं होतं, सलग बरेच दिवस, राहण्या-जेवणाची सोय त्यांचीच. मला विचारच करावा लागला नाही. पाहणीच्या दिवसापासून देवरावजी रोज केंद्रात यायला लागले होते. मुलांना पाणी पाजणं, घोडा होणं, गाणी म्हणणं, सगळं करायचे. आणि प्रशिक्षणाचा असला घास तर त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता. मी हौसेनं गेले आणि सांगितलं, "देवरावजी, नागपूरले तुम्ही चाललात."

ते आरूला खिचडी भरवत होते. एक हात तिच्या मानेखाली, दुसऱ्या हातात चमचा. वर न बघता म्हणाले, "मले नाई जमत, ताई."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. "काऊन नाही जमत? गुडघा दुखतो का?"

"गुडघ्याचं काई नाई."

"मग?"

त्यांनी आरूचं तोंड पुसलं. मग म्हणाले, "तुमची कमलवहिनी गेल्यावर घर खायाले उठे, ताई. पोरगी कारंज्याले, थ्या बिचारीले तिचा संसार. दिवस दिवस कोनी बोलाले नाई. मंग एका प्रशिक्षनाले गेलो, असाच, कोनी तरी म्हटलं म्हून. तं तिथं सकाळी एक पोरगी विचारे, भाऊ, झोप लागली का? दुपारी विचारे, जेवले का? त्यायचं कामच असते थे, मले समजते. पन विचारे तं सही. त्याच्यासाठीच जात राह्यलो मी. शिकलो-बिकलो काई नाई."

एवढी वर्षं एका भिंतीच्या पलीकडे राहते मी.

आरूनं "आं" केलं. तिला अजून हवी होती. देवरावजींनी चमचा भरला, फुंकर घातली. "ही आता माह्या हातानंच खाते. काल मले यायले उशीर झाला, तं दाराकडे डोळे लावून पडली होती म्हने. आता हिले सोडून तिकडं जाऊन मी काय करू? तुमी जा. इकडचं मी पाहातो."

मग मीच गेले. पहिल्या दिवशी गोल बसवलं, ओळखी झाल्या, फळं वाटली, मी आंब्यात आले. सगळं त्यांच्यामुळे आधीच ठाऊक होतं, हसू आवरत नव्हतं. दुपारी जेवायची सुट्टी झाली. ताट वाढून घेतलं आणि माझा घास काही उचलेना. समोर मोठी शिकली-सवरलेली माणसं, नवीन संस्था, नवीन ओळखी, आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या भिंतीपलीकडचं ते गप्प घर. या माणसानं माझं केंद्र वाचवलं, शोभाची झोप वाचवली, आणि मी त्याला शेजारी म्हणून कधी एक साधी गोष्ट विचारली नव्हती. मी ताट बाजूला ठेवलं आणि फोन लावला.

"काय झालं, ताई?" त्यांचा आवाज घाबरला होता. "काई राह्यलं का तिकडं?"

"काही नाही राहिलं. जेवलात का तुम्ही?"

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता. ताटली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग देवरावजी म्हणाले, "आरूचं झालं. आता बसतो."

"बसा मग," मी म्हटलं. "मीही बसते." आणि फोन कानाला लावून आम्ही दोघं जेवलो.