अर्धा टन कॅमोमाइल

दत्ताराम घाडीगावकरांनी इजिप्तहून अर्धा टन वाळलेली फुलं मागवली, तेव्हा अर्धा टन म्हणजे पाच पोती असा त्यांचा हिशेब होता. गावाहून येणारं तांदळाचं पोतं शंभर किलोचं. शंभर पंचे पाचशे. पाच पोती पलंगाखाली मावतात. या हिशेबात चूक काढायची कुणाची प्राज्ञा नव्हती, कारण भांडुपच्या शुभंकर सोसायटीत हिशेब फक्त घाडीगावकरच करत. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते.

हे चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यातलं. फोर्टातल्या एका विमा कंपनीत घाडीगावकर वीस वर्षं कारकुनी करत होते आणि वीस वर्षं आपण मुळात उद्योगपती आहोत असं त्यांना वाटत होतं. मेव्हण्याने मस्कतहून शांपूची बाटली आणली आणि त्यांची खात्रीच पटली. बाटलीवर फुलाचं चित्र होतं. फूल काही देखणं नव्हतं. शेवंतीची गरीब मावसबहीण म्हणावी इतकंच. खाली नाव होतं, कॅमोमाइल. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत शांपू करणाऱ्या एका कारखान्याला ही फुलं हवी आहेत, अशी बातमी त्यांना ऑफिसात लागली. त्यांनी जर्मनीला पत्र टाकलं, इजिप्तला टाकलं. जर्मनांना अक्कल असल्यामुळे त्यांनी उत्तर दिलं नाही. इजिप्तचं आलं: अर्ध्या टनाखाली माल पाठवत नाही.

मग प्रॉव्हिडंट फंडातून उचल झाली, मस्जिद बंदरचा एक एजंट गाठला गेला आणि कार्डं छापून आली. 'घाडीगावकर इंटरनॅशनल, इम्पोर्ट अँड मॅन्युफॅक्चरिंग.' यातलं मॅन्युफॅक्चरिंग म्हणजे ओट्यावरचा मिक्सर. राजीनामाही टाइप करून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. तारीख तेवढी घालायची होती. अंधेरीवाल्यांनी माल उचलला, की ती पडणार होती. नाही उचलला, तर फंड गेला आणि फुलं उरली.

"अहो, फुलं ती वाळलेली," रत्नप्रभा म्हणाली होती. ती त्यांची बायको, त्यामुळे तिचं कुणी ऐकत नसे. "कुरमुऱ्याचं पोतं कधी उचललंयत का? किलोभर कुरमुरे आणले तर दोन डबे भरतात."

"रत्ना, हा आंतरराष्ट्रीय व्यापार आहे. भेळ नव्हे."

ट्रक सकाळी दहाला आला. घाडीगावकर इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभे होते. पाच पोती उतरली. प्रत्येक पोतं माणसाच्या उंचीचं, आणि हमाल ते एका हाताने उचलत होता. घाडीगावकरांनी कागदावर सही करायला पेन काढलं.

"सेठ, अभी पैंतीस बाकी है," ड्रायव्हर म्हणाला.

साडेबारा किलोचं एकेक पोतं, अशी चाळीस. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत प्रेमा केस वाळवत उभी होती. ती बँकेत होती आणि तिला सुट्टी होती. तिने खाली वाकून विचारलं, "काय रत्नावहिनी, कापसाची गिरणी काढताय का?"

पहिल्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये चोवीस पोती गेली. पलंगाखाली एकही मावलं नाही, तेव्हा पलंगच पोत्यांवर चढला. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला एक फट उरली. रत्नप्रभा तिच्यातून आडवी होऊन जायची. घाडीगावकरांना तेही जमेना. सोळा पोती जिन्यात उभी राहिली.

प्रेमा खाली उतरली, ती नोटिस बोर्डापाशी थांबली. बोर्डावर एप्रिलपासून निळ्या शाईतल्या दोन नोटिसा होत्या. पहिली तिने मोठ्याने वाचली. "'जिन्यात आढळलेली कोणतीही वस्तू संस्थेची समजून तिची विल्हेवाट लावण्यात येईल. सही, द. शं. घाडीगावकर.' ही सही तुमचीच ना हो?"

"ती वस्तूंबद्दल आहे. हा माल आहे."

"मग माझं चपलांचं स्टँड कोण होतं, पाहुणा? भंगारवाल्याला दिलंत तुम्ही ते. उद्या सकाळपर्यंत ठेवा ही पोती इथे, मीच त्याला हाक मारते."

"गच्ची मोकळी आहे," रत्नप्रभा हळूच म्हणाली.

गच्ची खरंच मोकळी होती. तिला कुलूप होतं आणि किल्ली घाडीगावकरांच्या खिशात होती. पण बोर्डावरची दुसरी नोटिस गच्चीचीच होती: तिथे कोणताही माल वाळवल्यास वा साठवल्यास इमारतीची प्रतिष्ठा घसरते. जूनमध्ये सोसायटीची निवडणूक होती, आणि स्वतःचीच नोटिस मोडलेल्या सेक्रेटरीला प्रेमा सोडणार नव्हती.

गच्चीची ती नोटिस खरं तर एकाच बाईसाठी निघाली होती. तळमजल्याच्या सुंदराबाईच्या नवऱ्याची, धाकूची, गिरणी संपानंतर उघडलीच नाही. तेव्हापासून सुंदराबाई बाजारात सुकी मासळी विकायला बसायची आणि माल गच्चीवर वाळवायची. पावसाळ्याची बेगमी करायचे हेच दिवस. नोटिस लागल्यावर ती भांडली नाही. बोंबील, सुकट, सोडे, सगळं तिने खोलीत आणून रचलं आणि त्यातच राहू लागली.

आता तीच दारात उभी राहिली. "काय ओ भावोजी, माझ्याकडे ठेवा की. घो गावाक गेलो हा. जागा आसा."

घाडीगावकरांना तिथल्या तिथे वाटलं, की नोटिस काढूनही आपल्याबद्दल हिला केवढा आदर आहे. रत्नप्रभाने त्यांची बाही ओढली. "अहो, तिच्याकडे सगळं सुकं आहे."

"पोती शिवलेली आहेत, रत्ना."

पोती शिवलेली होती, पण तागाची होती. शिवाय घाडीगावकर देवगडचे. बोंबलाचा वास त्यांना जन्मापासून इतका येत होता, की तो वास आहे हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं. सोळा पोती बोंबलांना टेकून उभी राहिली आणि आठ दिवस राहिली.

शनिवारी अंधेरीहून विद्याधर केळुसकर आले. कारखान्यात कच्चा माल पास करायचं काम त्यांचं, म्हणजे नोकरी नाकाची. घाडीगावकरांनी त्यांना कळवलं होतं, की माल आमच्या भांडुपच्या गोडाऊनमध्ये आहे. वरच्या खोलीत माणूस शिरत नसल्यामुळे त्यांनी पाहुण्यांना आधी तळमजल्यावर नेलं.

"हे गोडाऊन?" केळुसकरांनी भिंतीवरच्या धाकूच्या पायजम्याकडे बघत विचारलं.

"नंबर दोन."

केळुसकरांनी एक पोतं उसवलं. फुलं चांगली होती, पिवळीधमक, कचरा नाही. त्यांनी मान हलवली. मग ओंजळभर फुलं नाकाशी नेली आणि डोळे मिटले. ते बराच वेळ मिटलेलेच राहिले. घाडीगावकरांना ड्रॉवरमधला राजीनामा दिसू लागला.

"चांगल्या कॅमोमाइलला सफरचंदाचा वास येतो," केळुसकर डोळे न उघडता म्हणाले.

"येतोय ना?"

"बोंबलाचा येतोय." त्यांनी पुन्हा हुंगलं. "मागून थोडे सोडे पण आहेत. घाडीगावकर, बायका हे केसांना लावणार. मांजरं मागे लागतील त्यांच्या."

"ही फक्त सोळा हो. वरची चोवीस एकदम शुद्ध. वर मासळी नाहीच."

वर रत्नप्रभाने फटीतून बाहेर येऊन नमस्कार केला. केळुसकरांनी दारातच उभं राहून पहिलं पोतं उसवलं, हुंगलं. दुसरं हुंगलं. मग रत्नप्रभाकडे वळून अदबीने विचारलं, "वहिनी, आज आमटीला फोडणी लसणीची का?"

"आज नाही. रोजच."

"खाली बोंबील, वर लसणीची फोडणी," केळुसकर घाडीगावकरांना म्हणाले. "आता भात कुठे ठेवलाय तेवढं दाखवा, म्हणजे मी जेवूनच जातो."

माल नापास झाला. घाडीगावकरांनी पुष्कळ गयावया केली. सेक्रेटरी म्हणून आपला परिसरात काय मान आहे तेही सांगितलं. केळुसकर माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, उघड्यावर पसरा, भरपूर ऊन द्या, पाऊस लागायच्या आत वास गेला तर कळवा, पुन्हा येऊन बघतो. मग तो जिना उतरला, पण फाटकाकडे गेला नाही. सुंदराबाईच्या दारापाशी जाऊन थांबला.

"बाई, ते बोंबील कसे दिले? मी वेंगुर्ल्याचा. असा माल अंधेरीला बघायला मिळत नाही."

"किती देव?"

"दोन किलो. आणि थोडे सोडे. दर महिन्याला घेत जाईन."

घाडीगावकर इंटरनॅशनलच्या गोडाऊन नंबर दोनमधून त्या दिवशी माल गेला तो एवढाच. सुंदराबाईने तो वर्तमानपत्रात नीट बांधून दिला आणि मग म्हणाली, "साहेबानू, धुवून घेवा हां बरे. या फुलांचो वास लागलो हा. काल एका गिऱ्हाइकान परत आणून दिल्यान. म्हणता, बोंबलाक अत्तर लावलास काय?"

त्याच संध्याकाळी बोर्डावर नवी नोटिस लागली: रहिवाशांच्या सोयीसाठी गच्ची वाळवणाकरिता खुली करण्यात येत आहे. निळी शाई तीच, सहीही तीच. कोरा कागद हाताशी नसावा, कारण वाऱ्याने नोटिस उलटली तेव्हा मागच्या बाजूला टाइप केलेला मजकूर निघाला. प्रेमाने तोही वाचला. "'वीस वर्षांच्या सेवेनंतर आता मला स्वतःच्या उद्योगाकडे...' अय्या, तारीखच नाही यावर."

सोमवारी घाडीगावकरांनी ऑफिसात तापाची रजा टाकली आणि ते गच्चीवर बसले. अर्ध्या गच्चीत पिवळी फुलं पसरली होती, अर्ध्या गच्चीत दोरीवर बोंबील लटकत होते. बोंबलांवर कावळे येत. सुंदराबाईला बाजारात जायचं होतं. तिने कोपऱ्यातली काठी उचलली आणि सेक्रेटरींच्या हातात दिली.

"बसलासच आसात तर एवढे कावळे हाकला, भावोजी."

त्यांनी हाकलले. दुपारपर्यंत टोपी, छत्री आणि काठी घेऊन ते दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते. कावळे कठड्यावर ओळीने बसत, फुलांवरून नजर फिरवत आणि पुन्हा बोंबलांवर झेप घेत.

बाजारातून परत आल्यावर सुंदराबाईने आपले बोंबील मोजून बघितले. एकही कमी नव्हता. मग तिने फुलांच्या पसाऱ्याकडे बघितलं. त्यांना चोचसुद्धा लागली नव्हती.

"ह्यांका राखणीची गरज नाय, भावोजी," ती मायेने म्हणाली. "तुमच्या मालाक कावळोसुद्धा शिवणा नाय."