नमस्कार केला की मागे बघणारे नाना

नानांना नमस्कार केला की ते आधी मागे वळून बघतात. मागे कोणी नाही याची खात्री झाली की तुम्हाला निरखतात आणि मगच हात जोडतात, तेही अर्धवट. शहाद्यातल्या आमच्या गल्लीत नवा आलेला माणूस आठवडाभर त्यांना नमस्कार करतो, मग नाद सोडतो.

नाना निवृत्त प्राथमिक शिक्षक. सारी नोकरी सातपुड्यातल्या एका पाड्यावर झाली. बायको, आमच्या इंदूकाकू, गेल्यापासून घरात एकटेच. जगावर विश्वास म्हणाल तर चिमूटभर नाही. भाजीवालीने कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकल्या, की घेतलेली वांगी पुन्हा एकेक तपासतात. एसटी वेळेवर आली तर चढत नाहीत. पाटी वाचतात, कंडक्टरला विचारतात, मग खिडकीतल्या बाईला विचारतात, तोवर एसटी निघून जाते. "दखं? माले नेवानंच नव्हतं तिले," म्हणतात. आमच्याकडून पुरणपोळी गेली तर ताटली हातात धरूनच विचारतात, "काय काम शे?" आणि कुठल्याही गोष्टीचा शेवट ठरलेला: "यामा काहीतरी गोम शे."

नाना ज्या अध्यापक विद्यालयात शिकले, तिथेच पुढे मी शिकलो. शाळेसाठी आणि गावासाठी झिजलेल्या तिथल्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करायचं आम्ही ठरवलं. पहिलं नाव नानांचं. त्यांना राजी करायचं काम शेजारी म्हणून माझ्या गळ्यात पडलं, आणि नाना आले नाहीत तर कार्यक्रमाला अर्थ नाही, हे मलाही कळत होतं.

"मन्हा सत्कार? काबर?"

"तुम्ही पाड्यावर शाळा उभी केली, नाना."

"ते तवयचं. आते काबर? जित्ता मास्तरनी आठवण काढतंस, तवय एक त वर्गणी ऱ्हास, नहीतर निवडणूक."

मी आईची शपथ घेतली. त्यांनी पत्रिका उजेडात धरली, उलटी करून पाहिली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. 'सपत्नीक उपस्थित राहावे.' सगळ्यांना एकच मजकूर छापून गेला होता आणि कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"चुकलं, नाना. छापताना..."

"येसू मी," नाना म्हणाले आणि पत्रिका घडी करून खिशात ठेवली.

नाना इतक्या सहज हो म्हणतात? आयुष्यात पहिल्यांदा मलाच वाटलं, यात काहीतरी गोम आहे.

कार्यक्रमाला नाना सर्वांच्या आधी हजर. पहिल्या रांगेत बसले आणि एसटीत जागा धरतात तसा पाठीमागच्या खुर्चीवर रुमाल टाकला. कोणी तिकडे वळलं की म्हणायचे, "आठे कोनी बसानं नही." पाठीमागे कोणी नको म्हणून हा बंदोबस्त असेल, असं मी धरून चाललो. त्यांचा स्वभावच तो.

सत्कारमूर्तींना शाल-श्रीफळ आणि त्यांच्या सौभाग्यवतींना पातळ, अशी आमची पद्धत. नानांच्या नावचं पातळ मी आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. उगाच जखमेवर मीठ नको.

दोघा-तिघांचे सत्कार झाल्यावर नानांचं नाव पुकारलं. नाना व्यासपीठावर गेले. पाहुण्यांनी हात जोडले आणि नाना सवयीप्रमाणे वळून मागे बघू लागले. सभागृह खो खो हसलं. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्यांनी माइकवर टिचकी मारून पाहिली.

"पाडावर गयूत तवय मन्ही भाषा पोरेस्ले कळे ना. इंदू तठल्या बायास्मा बसीसन त्यास्नी पावरी बोली शिकनी. घरघर फिरीसन पोरे तीच आने, मी नुसता शिकाडू. वाटवर मी पुढे, ती मांगे. लोके हात जोडेत. माले वाटे, मालेच जोडतंस. एक दिन मांगे वळीसन दखं, त ती हात जोडीसन हासी ऱ्हायनी व्हती. नमस्कार तिले व्हता. तवयपाईन मी पहिले मांगे दखस."

आता कोणी हसत नव्हतं. इतकी वर्षं सारी गल्ली त्या वळण्याची नक्कल करत होती, मीही करत होतो. मला फार वाईट वाटलं.

नानांनी सत्काराच्या ताटात डोकावून पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं.

"बाकीस्ले पातळ दिधं. मन्हं कोठे शे? पत्रिकामा सपत्नीक लिखेल शे."

मी धावत जाऊन पातळ आणलं. नानांनी ते उजेडात धरलं, काठ बोटांनी चोळून पाहिला, उलटून पाहिलं. मग खाली उतरले, मागच्या खुर्चीवरचा रुमाल उचलला आणि पातळ तिथे ठेवलं.

"ले," ते खुर्चीकडे बघून हळूच म्हणाले. "यामा काही गोम नही."